एका बाजूची रुंदी

आमच्या भाऊजींना कालपरवापर्यंत एका जागी सलग तीन मिनिटं बसलेलं ज्यानं पाहिलं असेल त्यानं पुढे यावं. असा माणूस अख्ख्या जबलपुरात निघाला, तर मी त्याच्या घरी महिनाभर धुणीभांडी करीन. हे मी उगीच बोलत नाही. माझ्या थोरल्या ताईचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होते, आणि त्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना नवरा मुलगा पाटावरून उतरून मांडवाचा एक खांब हलतो का ते बघायला गेला होता. भटजी मंगलाष्टकं म्हणत राहिले, ताई हार धरून उभी राहिली आणि आमचे वडील घामाघूम झाले. खांब खरोखरच हलत होता ही गोष्ट वेगळी. ती भाऊजी आजतागायत प्रत्येकाला ऐकवतात. पुढे ताईच्या संसारात खुर्च्या चार होत्या, पण भाऊजींची म्हणून एकही नव्हती. चहाचा पहिला घोट स्वयंपाकघरात, दुसरा जिन्यात, आणि उरलेला कप कुठे राहिला ते घरातल्यांनी शोधायचं. जेवताना वाढून घ्यायला उठणार, उठलोच आहे तर खिडकी लावणार, खिडकीशी गेलोच आहे तर खालून जाणाऱ्याला हाक मारणार, आणि मग हात धुवायला जाणार, कारण जेवण झालं की नाही हे त्यांना आठवत नसे. ताई वारल्यापासून तर दीक्षितपुऱ्यातल्या त्यांच्या तीन खोल्यांमधून जबलपुरातल्याच गोरखपुरात आमच्याकडे त्यांची स्कूटर दिवसातून तीनदा येई. ‘अच्छा शालू, चलतो मी,’ हे ते दारातून आत येताना म्हणत. त्यानंतर दोन तास आमच्या घरात त्यांच्या चपला वाजत असत.

असा माणूस आयुष्यभर काय करत असेल असं कुणालाही वाटेल. भाऊजी इथल्याच एका कॉलेजात फिजिक्स शिकवत, आणि शिकवून उरलेल्या वेळात एका रेघेची रुंदी काढत. पंचवीस वर्षं, एका रेघेची रुंदी! मी स्वतः सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळून निवृत्त झालेली बाई. कागदाच्या डोक्यावर काय लिहिलंय ते वाचून तो कुठल्या टेबलावर जाईल हे सांगणं, एवढंच माझं शास्त्र. पण त्यांनी ते इतक्यांदा समजावलंय की आता मी झोपेतही म्हणून दाखवीन. ज्वारीच्या दाण्याएवढी एक पोकळ गोळी असते. तिच्यात हायड्रोजनच्या जातीचा वायू भरतात आणि चहूबाजूंनी लेसरचा असा मारा करतात की गोळी आतल्या आत चेपते. इतकी चेपते की आतला वायू शिशाहून दाट आणि सूर्याच्या पोटाहूनही गरम होतो, अणू एकमेकांत मिसळतात आणि ऊर्जा बाहेर पडते. हे सगळं पापणी लवायचा विचार मनात येण्याआधीच संपलेलं असतं. “आता सांग, ती किती दाटून राहिली हे मोजशील कशी? बोट घालून पाहशील?” भाऊजी विचारत, आणि मी पोळी लाटत ‘नाही’ म्हणे. “तू वरणात हिंग काहून टाकते?” “चव यावी म्हणून.” “बस! तसाच त्या वायूत चिमूटभर आर्गॉन टाकून ठेवतात. हायड्रोजन त्या उष्णतेत पार उघडा पडतो, त्याच्याजवळ सांगायला काही उरत नाही. आर्गॉन मात्र शेवटचे एक-दोन इलेक्ट्रॉन धरून राहतो आणि क्ष-किरण सोडतो. ते स्फटिकानं फाकवले की त्यांच्या रेघा दिसतात. एकट्या अणूची रेघ बारीक, केसासारखी. शेजाऱ्यांची गर्दी झाली की ते आपल्या विजेनं याला ढकलतात, ओढतात, हैराण करून सोडतात, आणि याची रेघ पसरते. जितकी दाटी, तितकी रेघ रुंद. रुंदी मोज, दाटी कळते. चलो, पोळी करपून राहिली तुझी.”

हे ज्ञान त्यांनी स्वतःपुरतं ठेवलं असतं तर आमचं काही म्हणणं नव्हतं. दिवाळीच्या आधी गोरखपूरच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते, तिथे ते बरोबर मधोमध थांबून, दोन्ही बाजूंनी कोपरं खात, “शालू, पाहा, माझी रेघ रुंद होऊन राहिली!” असं आनंदानं ओरडायचे. एका भाजीवालीनं त्यांना शेवटी सांगितलं, “बाबूजी, चौड़े घर जाके होना, यहाँ से रस्ता छोड़ो.” लग्नाच्या पंगतीत ते वाढप्याला थांबवून दाटीचा अंदाज सांगत. विजेचं बिल, दुधाची पिशवी, लग्नपत्रिका, न्हाणीघरातल्या आरशावरची वाफ, जे हाताला लागेल त्यावर ते एक टेकडी काढत. रेघ म्हणजे खरी रेघ नसतेच, ती मधे उंच आणि दोन्ही बाजूंना उतरत जाणारी टेकडी असते, आणि तिची रुंदी अर्ध्या उंचीवर मोजायची असते, हे त्या टेकडीवरून सिद्ध होई. आमच्या ह्यांना तर टेकडी दिसली की जांभई येते. एकदा ह्यांनी धीर करून विचारलं, “भाऊजी, हे जबलपुरात बसून काहून करायचं? लेसर तर तिकडे परदेशात आहेत.” भाऊजी तिसऱ्या खोलीतून परत येत म्हणाले, “साडूभाऊ, गोळी ते फोडतात. पण फुटली तेव्हा केवढी रेघ म्हणजे केवढी दाटी, हा तक्ता कुणीतरी आधी करून ठेवायला पाहिजे की नाही?”

तो तक्ता म्हणजे भाऊजींचं आयुष्य. आधी वह्यांवर, मग एका जुन्या कॉम्प्युटरवर. एकेक आकडा काढायला तो दोन-दोन दिवस घेई. मे महिन्यातल्या उन्हात घरातला एकुलता एक कूलर त्याच्याकडे तोंड करून लावलेला असे, कारण तो तापला तर आकडा चुकतो आणि माणसं तापली तर फक्त कुरकुर करतात, असा त्यांचा हिशेब. माझी ताई त्या कॉम्प्युटरच्या पाठीमागे खुर्ची टाकून बसे. त्याला लागून उरलेली हवा तिला मिळे. तिथे बसून ती भाऊजींच्या कागदांची स्वच्छ प्रत करायची. भाऊजींचं अक्षर त्यांच्यासारखंच, ओळीवर टिकत नाही. ताईचं अक्षर मोत्यांसारखं. बी.ए.ला तिनं संस्कृत घेतलेलं, त्या तापलेल्या वायूचा प्लाझ्मा आणि पळी-पंचपात्र यांत तिला पळी-पंचपात्रच जवळचं. पण प्रत करताना ती मधूनमधून पेन थांबवून काहीतरी विचारायची, आणि भाऊजी फेऱ्या मारत उत्तर द्यायचे. मी कधी गेले की मला ते दृश्य बघवत नसे. “ताई, तुला याचं वेड लागलं का?” मी एकदा फटकन बोलले. ती म्हणाली, “त्यांचं कागदावर अर्धंच येतं गं. उरलेलं त्यांच्या डोक्यात असतं.” मी ते कौतुकाचं बोलणं समजले आणि सोडून दिलं.

भाऊजींची मोजायची पद्धतही ऐकण्यासारखी आहे. टेपवर, शिंप्यावर आणि सुतारावर त्यांचा विश्वास नाही. मोजणार स्वतः, स्टीलच्या पट्टीनं, आणि मोजणार वस्तूच्या मध्यापासून एका कडेपर्यंत. बस. दुसऱ्या बाजूला पट्टी न्यायचीच नाही. “जे डावीकडे तेच उजवीकडे,” ते म्हणतात, “दोनदा मोजणं हा मूर्खपणा आहे. दुसरी बाजू गृहीत.” चिठ्ठीवर ते हा एका बाजूचा आकडा लिहितात आणि खाली फर्मान काढतात की जे लिहिलं तेच करा, डोकं लावू नका. ताई गेल्यानंतर वर्षभरानं त्यांनी माझ्या बैठकीच्या खिडकीसाठी पडदा शिवून आणला. खिडकी मोजायला दोन दिवस आले होते. पडदा बरोबर अर्ध्या खिडकीला पुरला. मी कपाळाला हात लावला, पण भाऊजी दुकानदारावर भडकलेले. “एवढं कळू नये त्याला? खिडकीला दोन बाजू असतात!” तो अर्धा पडदा मी तसाच लावून ठेवला आहे. सकाळी अर्ध्या बैठकीत ऊन येतं, अर्धीत नाही. ताई असताना असं कधी झालं नव्हतं. तिच्या घरातले पडदे, चादरी, टेबलक्लॉथ सगळे नीट मापाचे होते, आणि मोजलेले भाऊजींनीच होते. हे कसं, असा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. पडला नाही.

भाऊजींनी हजारो मुलांना शिकवलं, पण रेघेची रुंदी ऐकताना जागं राहिलेलं माणूस एकच, जवळच्या पनागरची संध्या. तिच्या बापाची वाटाण्याची शेती. थंडीत ती बसनं यायची ती पिशवीभर शेंगा घेऊन, आणि भाऊजी फेऱ्या मारत शिकवत असताना ताई आणि ती शेंगा सोलत बसायच्या. आज ती परदेशात त्या गोळ्या फोडणाऱ्यांच्या प्रयोगशाळेत आहे आणि गोळीतून आलेली रेघ मोजणं हेच तिचं काम. दर रविवारी ती भाऊजींना व्हिडिओ कॉल करते. भाऊजी चालत बोलतात, त्यामुळे तिला इतक्या वर्षांत पंखा, जिना आणि आमच्या फ्रिजचा माथा एवढंच दिसलं असेल. ताई गेल्यावर भाऊजींनी वह्यांमधला सगळा तक्ता स्वतः टाइप करून तिला पाठवला होता. गोळी इतकी चेपली गेली तर रेघ केवढी, याचे तयार तक्ते जगात फार नाहीत, असं ती म्हणे. दोन-अडीच वर्षांपूर्वी तिच्या लोकांनी एक गोळी फोडली. संध्यानं रेघ मोजली, भाऊजींच्या तक्त्याशी ताडून पाहिली, आणि दाटी निघाली ती इतकी मोठी की सगळी प्रयोगशाळा उठून उभी राहिली. त्याचा शोधनिबंध व्हायचा होता, एका मोठ्या परिषदेत संध्या तो वाचणार होती, आणि त्यावर तिच्या नावापाठोपाठ भाऊजींचं नाव येणार होतं.

पंचवीस वर्षं घासून भाऊजींचं नाव लग्नपत्रिकांखेरीज कुठे छापून आलं नव्हतं. ते हसत, म्हणत की नावाचं काय, पण मला त्यांचे डोळे दिसत होते. “शालू, नाव छापून येऊन राहिलं बरं का,” असं सांगायला ते त्या आठवड्यात आठ वेळा आले. सगळ्या ओळखीच्यांना खोव्याची जलेबी वाटली, आणि वाटता वाटता प्रत्येकाच्या पुड्यावर टेकडी काढून दिली. एकच कुसळ सलत होतं. तिथल्या दुसऱ्या एका यंत्रानं चेपलेल्या गोळीचा आकार मोजून दाटी काढली होती, आणि ती संध्याच्या आकड्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढी येत होती. दोन गट पडले. भाऊजी गरजले, “यंत्र खोटं असेल! नाही तर तू रेघ नीट मोजली नाही. फिरसे नाप!” तिनं पुन्हा मोजली. आठ महिने ती मोजत होती. एका रविवारी ती आमच्याकडे असताना भाऊजींशी बोलत होती... म्हणजे भाऊजी आमच्याकडे होते, ती फोनमध्ये. मी ऐकलं. “सर, मुझे लगता है मुझसे ही नहीं हो पा रहा. मैं छोड़ दूँ क्या?” भाऊजी म्हणाले, “मोजणं कच्चं असलं की असंच वाटतं.” मला त्यांचा राग आला. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, “भाऊजी, पोरीला रडवून राहिले तुम्ही.” ते बाल्कनीत निघून गेले.

माझ्या मुलीचं लग्न आलं. ताई गेल्यापासून भाऊजींनी नवा कपडा शिवला नव्हता. या लग्नाला मात्र कुर्ता पाहिजे असं त्यांनीच काढलं, कापड आणलं आणि आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मास्टरजींकडे स्वतःच्या मापाची चिठ्ठी देऊन आले. लग्नाला आठ दिवस होते, संध्याच्या परिषदेला चार. मी मुलीची ब्लाउजं आणायला निघाले, तर भाऊजी “अच्छा, चलतो मी,” म्हणत माझ्याच बरोबर आले. कुर्ता तयार होता. मास्टरजी तो हातात धरून जरा घुटमळले, पण भाऊजींनी तो हिसकून घेतला आणि दुकानाच्या दारातच डोक्यावरून ओढला. डोकं आत गेलं. हात वर गेले. तिथेच सगळं थांबलं. छातीपाशी कुर्ता असा अडकला की ना वर जाई ना खाली. दोन्ही हात आकाशाकडे, तोंड कापडात, पोट उघडं, अशा अवस्थेत भाऊजी रस्त्याकडे तोंड करून उभे. मी एका बाजूनं ओढते आहे, मास्टरजी दुसऱ्या बाजूनं, आणि आतून आवाज येतोय, “ये क्या काटा है आपने?”

“सर, छाती इक्कीस लिखी थी, इक्कीस ही काटी,” मास्टरजी म्हणाले.

“इक्कीस आधी है! बीच से एक तरफ की! पूछना था न!”

“आपने ही तो लिखा था, दिमाग मत लगाना.” म्हाताऱ्यानं कात्री खाली ठेवली. “पहले तो दीदी साथ आती थीं. आप बाहर स्कूटर देखते रहते थे, और दीदी धीरे से कह जाती थीं, मास्टरजी, सर का लिखा दुगुना कर लेना. हर बार. अब दीदी नहीं हैं, तो हमने सोचा, सर ने खुद ही कर दिया होगा.”

मी ओढायचं थांबले. भाऊजी हलत नव्हते. त्यांचा पाय हलत नव्हता, बोट हलत नव्हतं. रस्त्यानं जाणारी माणसं बघून जात होती आणि ते हात वर करून तसेच उभे. मला वाटलं, आत गुदमरले की काय. एवढ्या वर्षांत त्यांना स्थिर उभं राहिलेलं मी पहिल्यांदा बघत होते, आणि मला भीती वाटली. मग आतून अगदी हळू आवाज आला, “शालू, मी तक्त्याच्या डोक्यावर काय टाइप केलं होतं?” मी म्हटलं, “मला काय माहीत भाऊजी? आधी हात खाली घ्या.” मास्टरजींनी दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवल्या तेव्हा ते बाहेर आले. केस उभे, चेहरा पांढरा. उसवलेला कुर्ता गळ्यात तसाच लोंबता ठेवून ते स्कूटरकडे धावले. मी ब्लाउजं तिथेच टाकून मागे बसले, कारण अशा अवस्थेत त्यांना एकटं सोडायचं मला धाडस झालं नाही.

दीक्षितपुऱ्यात पोचल्यावर त्यांनी चपला न काढता कॉम्प्युटर लावला. टाइप केलेल्या तक्त्यातल्या प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर एकच शब्द होता: रुंदी. मग त्यांनी कपाटातून ताईच्या हातच्या वह्या काढल्या. तिथे, प्रत्येक पानावर, प्रत्येक रकान्यावर, मोत्यांसारख्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘एका बाजूची रुंदी’. एका पानाच्या समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘वाचणाऱ्याला कळेल का? यांना विचारणे.’ आणि त्याखाली, बहुधा विचारून झाल्यावर, ‘ते म्हणतात कळेल. तरी लिहावे.’ भाऊजी ते पान धरून उभे राहिले. “टाइप करताना मीच गाळलं, शालू,” ते म्हणाले. “म्हटलं, कशाला? दुसरी बाजू गृहीत.” मग त्यांनी मला समजावलं, आणि तेव्हा पहिल्यांदाच टेकडी न काढता समजावलं. साऱ्या जगात रेघेची रुंदी म्हणजे या कडेपासून त्या कडेपर्यंतची धरतात. संध्यानंही तशीच मोजली, आणि तक्त्यातली रुंदीही तशीच समजली. सरांनी लिहिलंय म्हटल्यावर तिनं डोकं लावलं नाही. रुंदीत दुपटीची चूक झाली की दाटीत ती जवळजवळ तिपटीची होते. म्हणजे ते दुसरं यंत्र खरं होतं. संध्याची मोजणी खरी होती. खोटा होता तो भाऊजींचा तक्ता, ज्याच्यासाठी त्यांचं नाव छापून येणार होतं.

मी आवक-जावकवाली बाई. मला माहीत आहे, चार दिवस थांबलं असतं तर परिषद झाली असती, नाव छापून आलं असतं आणि चूक मग कधीतरी सावकाश निघाली असती किंवा निघालीही नसती. हे माझ्या मनात आलं, खोटं कशाला बोलू? भाऊजींच्या मनात आलं की नाही ते मला ठाऊक नाही, कारण तोवर त्यांनी फोन लावला होता. तिकडे पहाट होती. संध्या घाबरूनच उठली. भाऊजींनी कशी आहेस म्हणून विचारलं नाही, प्रस्तावना केली नाही. “संध्या, मैंने आधी चौड़ाई लिखी थी. एक तरफ की. तूने पूरी समझी. गलती मेरी है.” संध्या रडायला लागली आणि रडता रडता आकडे म्हणायला लागली. रुंदीला दोनानं भागून, मग आणखी काही करून, ती एकदम थांबली. “सर, मिल गया. दोनों मिल गए.” भाऊजी म्हणाले, “तेरा नापना पक्का था, बेटा. कच्चा मैं था. आठ महीने मैंने तुझे...” त्यांनी गळ्यातल्या उसवलेल्या कुर्त्यानं डोळे पुसले. मग म्हणाले, “और मेरा नाम काट देना.” ती नको-नको म्हणत राहिली, पण भाऊजींचं फर्मान म्हणजे फर्मान.

परिषदेत संध्यानं लहान झालेला आकडा वाचला. प्रयोगशाळा उठून उभी राहिली नाही, पण भांडणारे दोन्ही गट एका टेबलाशी बसले, असं तिनं कळवलं. मुलीच्या लग्नात भाऊजी तोच कुर्ता घालून हिंडले. मास्टरजींनी दोन्ही बाजूंना जरा वेगळ्या रंगाच्या पट्ट्या जोडून तो अंगात बसवला होता. प्रत्येक पाहुण्याला भाऊजी त्या पट्ट्या दाखवत आणि हात वर करून सगळी हकीकत साभिनय सांगत. पुढे निबंध छापून आला. भाऊजींनी तो आमच्याकडे आणला आणि पहिल्यांदाच दारात ‘चलतो’ म्हणाले नाहीत. संध्यानं त्यांचं नाव काढलं होतं. पण तक्त्याच्या खाली बारीक अक्षरात एक ओळ होती, या तक्त्यातली रुंदी एका बाजूची आहे अशी, आणि ही नोंद मूळ हस्तलिखितात ज्यांनी करून ठेवली त्यांचे आभार. पुढे माझ्या ताईचं नाव. पूर्ण नाव, छापलेलं. ते घालायला कुणी सांगितलं होतं हे मी भाऊजींना विचारलं नाही. ती संस्कृतवाली बाई, कॉम्प्युटरच्या मागे उरलेली हवा खात बसणारी. मी पदर तोंडाला लावून आत गेले.

त्याला आता वर्ष होईल. भाऊजींची स्कूटर हल्ली दिवसातून एकदा येते, कधी तीही येत नाही. आले तर ताई आमच्याकडे आली की ज्या खुर्चीत बसायची तिच्या काठावर टेकतात, आणि मी घड्याळाकडे बघते. परवा चार मिनिटं बसले होते. मी म्हटलं, “भाऊजी, उठा, गॅलरीत जाऊन या जरा.” एकट्या अणूची रेघ बारीक असते, हे त्यांनी मला हजारदा सांगितलं होतं. ते दिवसातून तीनदा आमच्या घरात धडपडायला का येत होते, हे मात्र मला ताई गेल्यावर पाच वर्षांनी समजलं. तोवर मी त्यांना येता-जाता टोकतच राहिले.

गेल्या आठवड्यात ते त्यांच्या खिडकीच्या पडद्यासाठी चिठ्ठी घेऊन आले. ताईच्या वेळचा विरला होता. आता त्यांना बाजारात जायला नको वाटतं, म्हणून चिठ्ठी माझ्या हातात दिली. पाहते तो नुसता आकडा. एवढं सगळं होऊनही नुसता आकडा! माझं डोकंच फिरलं.

“भाऊजी, ही एका बाजूची की पुरी? वर लिहिलं काहून नाही?”

ते जिन्याकडे वळले होते. तिथूनच म्हणाले, “तू विचारशील, म्हणून नाही लिहिलं.”

मी दुकानात गेले, चिठ्ठी दिली, आणि दुकानदाराला हळूच सांगितलं, सर का लिखा दुगुना कर लेना.